पडलेल्या शेंगांची जनावरे

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. या खेपेस आम्ही चालकांना विषय कळवला तो असा : झाडाखाली पडलेल्या वस्तूंपासून मुलांनी जनावरे कशी करावीत. चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. परंतु वैशाख लागला आहे, शाळांना सुटी पडली आहे, आणि कांदिवलीच्या रस्त्यांवर या दिवसांत जेवढा माल फुकट पडलेला असतो तेवढा वर्षात एरवी क्वचितच असतो. तेव्हा विषयाचा हंगाम हाच आहे.

आम्ही हा विषय कोणत्या शाळेत शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका कारखान्याला टाळे लागले. दरवाजासमोर रस्त्याच्या कडेला एक जुना पर्जन्यवृक्ष होता. त्याच्याखाली आम्ही मांडव घातला व धरणे सुरू केले. एप्रिलचे दिवस होते. परीक्षा संपताच बायका मुलांना घेऊन मांडवात येऊ लागल्या, कारण घरात पत्र्याखालची उकड आणि येथे सावली. मोठ्यांना घोषणा होत्या, वर्तमानपत्रे होती, पत्त्यांचा डाव होता. मुलांना काहीच नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या फलकांच्या काठ्या उपटून विटीदांडू मांडला, तेव्हा या हातांना काहीतरी काम दिले पाहिजे म्हणून आम्ही इकडेतिकडे पाहू लागलो. वरून शेंगा पडत होत्या.

पर्जन्यवृक्षाची शेंग आपण सर्वांनी पायाखाली तुडवली आहे. वीतभर लांब, काळपट तपकिरी, जाडसर, किंचित वाकलेली. मोडली की आत चिकट गोड गर आणि कठीण बिया. आम्ही एका शेंगेला खराट्याच्या चार काड्या खोचून घोडा केला, तो मध्ये ठेवला आणि मुलांना म्हटले, असा करा. दहा-बारा मुले बसली. अर्ध्या तासात चौघे उठून गेले, दोघांची भांडणे झाली, एक लहानगा आपला घोडा आमच्या घोड्यासारखा होत नाही म्हणून रडू लागला. आमच्यातला एक फिटर हे सारे पाहत होता. तो म्हणाला, “भाऊ, तुम्ही पोरांना उक्त्यावर लावलंत की!”

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. नमुना एक, नग ठरलेला, आणि पास-नापास करणारा मुकादम म्हणून आम्ही स्वतः उभे! ज्या पद्धतीविरुद्ध आम्ही उभ्या आयुष्यात भाषणे केली तीच पद्धत अर्ध्या तासात मांडवात आणून बसवली. दुसऱ्या दिवशी आम्ही नमुना मांडलाच नाही. प्रत्येकाने खाली पडलेली एक वस्तू उचलावी, ती उलटसुलट करून पाहावी आणि ती आधीच कोणासारखी दिसते ते सांगावे, एवढेच सांगितले. वाकडी शेंग पाहून एकजण म्हणाला सुसर, दुसरा म्हणाला उंटाची मान, तिसरा म्हणाला आमच्या गावची म्हातारी कुत्री. या कामातले मुख्य जे आहे ते एवढेच. जनावर हातांनी करावयाचे खरे, पण ते आधी डोळ्यांना सापडावे लागते, आणि सापडण्याचा तो वेळ मोठ्या माणसाने मुलापासून हिरावून घेऊ नये. बाकी सारे काड्या खोचण्याचे तंत्र आहे.

पुढे वाचताना आम्हांला कळून आले की ही वाट आधीच मळलेली होती, आणि तीही आपल्याच रेल्वेच्या मार्गावर. कांदिवलीवरून जाणारा लोहमार्ग विरार, पालघर, डहाणू करीत घोलवडला जातो. घोलवडजवळच्या बोर्डी गावी १९४५ च्या डिसेंबरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. ताराबाई त्यापूर्वी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर आणि नंतर मुंबईत बालशिक्षणाचे काम करीत होत्या. मादाम मॉन्टेसोरी यांची पद्धत त्यांना मान्य होती, पण तिची साधने महाग. गुळगुळीत लाकडाचे ठोकळे, रंगीत मणी, मोजून कापलेले दट्टे बोर्डीच्या वस्तीत कोण आणणार? तेव्हा त्यांनी मणी बियांचे केले, मोजायला शिंपले व खडे घेतले, रंग ओळखायला पाने-फुले घेतली, आणि मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी कागदावर देशभर चालतो. त्याची मुळे त्या अंगणात आहेत. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. ताराबाई १९७३ साली व अनुताई १९९२ साली वारल्या. लोक त्यांची आठवण साक्षरतेसाठी काढतात. आम्हांला मात्र ज्या नजरेने त्यांनी जमिनीवर पडलेल्या बीकडे पाहिले, त्या नजरेचे नवल वाटते. वस्तू गरिबीची म्हणून त्यांनी ती घेतली असेल, परंतु मुलाच्या हातात आल्यावर ती महागड्या ठोकळ्याहून सरस ठरली. ठोकळ्याच्या दोन बाजू सारख्या असतात, बीच्या नसतात. मुलाला पाहावेच लागते.

आणि त्याही मागे जायचे तर आपल्या गावांतून मुले हे पिढ्यान् पिढ्या करीतच आली आहेत. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला मातीचे बैल होतात, दक्षिण महाराष्ट्रात बेंदराला होतात, नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला पोरे चाकांवरचे लाकडी बैल ओढीत नेतात. देशावर जोंधळ्याच्या ताटाची साल सोलून आतल्या भेंडाचे बैल व सालीची गाडी करतात. कोकणात ताडगोळे काढून घेतले की रिकाम्या फळांची चाके होतात. आमच्या चाळींत सातारा, रत्नागिरी, जळगाव, जालना असे सारे जिल्हे एका नळावर पाणी भरतात; आजीला विचारले की दर दारामागे निराळे जनावर निघते. एका आजीने आम्हांला आंब्याची कोय धुऊन, वाळवून, तिचे तंतू वर विंचरून अशी मेंढी करून दाखवली की ती कातरायला घ्यावी असे वाटले.

काडीने जोडण्याची युक्तीही जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, मातीच्या पेटीत ठेवलेली एक बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि तिच्याबरोबर मातीचा बैल सापडला. बैलाच्या पाठीला भोक आहे, मूर्तीलाही आहे. मध्ये काडी घातली की ती त्याच्यावर बसते. तो खेळ नव्हता, पूजेचा प्रकार असावा. पण घडवणाऱ्या हाताने जी तोड काढली तीच मांडवातल्या पोरांनी काढली. हीच तोड तिकडे बर्फाच्या देशांतही दिसते. फिनलंडमधली मुले सूचिपर्णी झाडाच्या शंकूला चार काड्या खोचून गाय करतात आणि तिला शंकूची गाय असेच म्हणतात. जर्मनी व डेन्मार्कमध्ये चेस्टनटसारखे दिसणारे एक न खाण्याजोगे फळ व आगपेटीच्या काड्या घेऊन हाच उद्योग शरद ऋतूत चालतो. त्यांचा माल शरदात पडतो, आपला वसंतात.

आता त्या काड्यांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण येथेच सर्व मुले अडतात. जनावर उभे राहत नाही! मूल चार पाय लावते, ते डुगडुगते. मग एक पाय मोडून लहान करते, मग दुसरा, आणि शेवटी उंटाचा कासव होतो. आमच्या फिटरने यावर मुलांचा छान पाठ घेतला. तीन पायांची तिवई कोठेही ठेवा, ती डुगडुगत नाही; चार पायांचे स्टूल मात्र चारही टोके एका पातळीत असतील तरच स्थिर राहते. म्हणून पहिल्या जनावराला दोन पाय पुढे द्यावेत आणि मागे शेपटीच जमिनीला टेकवावी : कांगारू म्हणा, बसलेला कुत्रा म्हणा. दुसरे म्हणजे डोके जड झाले की जनावर तोंडावर पडते. त्यावर उपाय पुढचे पाय थोडे पुढे तिरके खोचणे, किंवा पोटात मागच्या बाजूला एक खडा चिकटवणे. वजनाची रेषा पायांच्या मधल्या जागेत पडली पाहिजे, हे त्याने शब्दांत सांगितले नाही. बोटावर शेंग तोलून दाखवले. आठ वर्षांच्या मुलाला ते कळले. आम्हांला ते रात्रशाळेत पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून चाळिसाव्या वर्षी कळले होते.

पायांना नारळाच्या झावळीची हीर सर्वांत चांगली. जुना खराटा त्यासाठी राखून ठेवावा. बांबूची सळई ताठ असते पण तिचे कूस बोटात जाते. भोक आधी दाभणाने पाडावे आणि ते मोठ्या माणसाने पाडावे. भोक काडीपेक्षा किंचित लहान हवे, म्हणजे डिंक लागत नाही. चिकटवायचेच असेल तर कणकेची खळ पुरते. गावाकडे भोकराच्या फळाचा चिकट गरही वापरतात. एक मात्र ध्यानात ठेवावे की खळीने आणि गोड शेंगांनी केलेले जनावर हे इतर जनावरांचे अन्न असते. मांडवात अकराव्या दिवशी दुपारी सर्वांचा डोळा लागला असता शेजारच्या वस्तीतली एक बकरी आत शिरली आणि मुलांचा सारा कळप खाऊन गेली. मुले रडतील असे वाटले होते, पण हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली, आणि सायंकाळपर्यंत दुसरा कळप उभा राहिला.

मातीचे काम निराळे. पोईसर नदीच्या काठची माती मुलांच्या हाती देऊ नये. त्या पाण्यात काय काय वाहते हे कांदिवलीकरांना सांगायला नको. कुंभाराकडून मळलेली माती आणावी. तीत थोडी बारीक वाळू किंवा कुटलेले गवत मिसळले तर तडे कमी जातात. पाय निराळे करून चिकटवण्यापेक्षा एकाच गोळ्यातून ओढून काढावेत; चिकटवायचे झाल्यास दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावावा. वाळवावे सावलीत. उन्हात घाई केली की वरची कातडी आवळते, आतले पोट ओले राहते, आणि बैल फुटतो.

माल कोठे मिळतो? कांदिवलीची रचना अशी की पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आणि पश्चिमेला चारकोपच्या पलीकडे खाडी व तिवरे. पण माल मधल्या रस्त्यांवरच भरपूर आहे. गुलमोहराच्या हातभर तलवारी, सोनमोहराच्या तांबूस चपट्या शेंगा (यांचे मासे व पंख फार सुरेख होतात), देशी बदामाची लाल पडलेली पाने, ती तर हत्तीचे कानच! आपट्याचे किंवा कांचनाचे पान मुळातच फुलपाखरू आहे, त्याला फक्त मिशा हव्यात. सुरूच्या लहान फळांचे साळिंदर होते, करवंटीचे कासव. यांतला गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा, सोनमोहर पूर्वेकडच्या बेटांचा. कांदिवलीच्या रस्त्यांवरची निम्मी झाडे आमच्यासारखीच पोटासाठी बाहेरून आलेली आहेत, हे मुलांना सांगितले की त्यांना बरे वाटते.

सकाळी लवकर जावे, झाडू मारणाऱ्या बाया ढीग करतात तेव्हा. त्यांना विचारून घ्यावे. आम्ही विचारले तेव्हा एकीने पोते पुढे केले आणि म्हणाली, “न्या की दादा, तेवढीच आमची गाडी हलकी.” झाडावरचे तोडू नये, पडलेलेच घ्यावे. राष्ट्रीय उद्यानात फिरायला मुलांना अवश्य न्यावे, पण तेथून शेंगही उचलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथील वनोपज परवानगीवाचून नेता येत नाही. समुद्रकाठच्या काही जातींच्या शंखांनाही तो कायदा लागू आहे, म्हणून साधे शिंपले घेऊन समाधान मानावे.

काही बियांची मात्र भीती बाळगावी. गुंजेचा लाल-काळा मणी जनावराच्या डोळ्याला इतका शोभतो की प्रत्येकाला तोच हवा असतो. परंतु तो अत्यंत विषारी आहे, आणि भोक पाडले वा चावला की त्याचे विष मोकळे होते. एरंडाची बी, पिवळ्या कण्हेरीची बी, धोतऱ्याचे काटेरी फळ, ही सारी वर्ज्य. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. खाजकुइलीच्या मखमली शेंगेला हात लावलेला मुलगा तो दिवस विसरत नाही. टेकडीच्या पायथ्याशी पाचोळा हाताने उपसू नये, काठीने परतावा; विंचू आणि फुरसे यांना आमची चळवळ ठाऊक नसते. डोळ्यांसाठी काळी मिरी घ्यावी, ती स्वयंपाकघरातच असते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

आता कामगार कार्यकर्ता म्हणून एक गोष्ट बोलणे भाग आहे. मुलांच्या हातांना काम द्या, असे म्हणणाऱ्यांकडे आम्ही जन्मभर संशयाने पाहिले आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, आणि मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा खर्च निघावा असेही सुचवले. पहिल्या गोष्टीला आम्ही हात जोडतो. दुसरीला त्या काळीही हरकत घेतली गेली आणि ती आम्हांला योग्य वाटते. ज्या क्षणी मुलाच्या बैलाला बाजारभाव येतो त्या क्षणी मुलाचे पाहणे थांबते व मोजणे सुरू होते. बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ साली दुरुस्त झाला; चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली, पण शाळा सुटल्यावर वा सुटीत कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची मोकळीक राहिली. ही फट केवढी आहे ते मालाड-कांदिवलीच्या खोल्यांतून फिरल्यावर कळते. येथे घरोघर नकली दागिन्यांचे काम येते, मणी ओवायचे, कड्या जोडायच्या, डझनावर पैसे. आई बसली की मूल शेजारी बसतेच. कोणी त्याला कामावर ठेवलेले नसते.

म्हणून जनावरांच्या स्पर्धा भरवू नयेत, बक्षिसे लावू नयेत, आणि “किती केलीस?” असे विचारू नये, असे आमचे मत आहे. शिक्षक मंडळी यावर नाराज होतात. स्पर्धेवाचून मुले मन लावत नाहीत असे त्यांचे म्हणणे. आमचा अनुभव त्या मांडवातला आहे, आणि तो येथे सांगून थांबतो.

धरण्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक नऊ-दहा वर्षांची मुलगी येऊ लागली. वडिलांचा पगार बंद झाल्यापासून घरात मण्यांचे काम दुप्पट घेतले होते, आणि ती सकाळभर आईबरोबर ओवून दुपारी मांडवात येई. तिच्यासारखी बोटे आम्ही दुसऱ्या मुलाची पाहिली नाहीत. हीर कापली की चारही पाय एका मापाचे. गाठ मारली की दिसतच नसे. पहिल्या दुपारी तिने बारा उंट केले. बाराही अगदी एकसारखे. ते तिने सतरंजीच्या काठावर ओळीने मांडले, बोटाने मोजले, आणि आमच्याकडे वळून विचारले, “काका, डझनाला किती?”

आम्ही सांगितले की याचे काही मिळत नाही. तिने आमच्याकडे जरा वेळ पाहिले, मग बाईच्या बोलावण्याची वाट पाहावी तशी आईकडे पाहिले. आई घोषणा देणाऱ्यांत होती. मुलगी उठली, झाडाखाली गेली आणि बराच वेळ शेंगा उलट्यासुलट्या करीत राहिली. शेवटी किड्याने एका बाजूने पोखरलेली, वेडीवाकडी अशी एक शेंग घेऊन आली. तिला पाय किती लावावेत हे ती ठरवत होती. ते जनावर पुरे व्हायला संध्याकाळ झाली. उंट नव्हता. काय आहे म्हणून आम्ही विचारले, तर म्हणाली, अजून ठरलं नाही.